फाटकाबाहेरचे पहिले पंधरा दिवस

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला एचआयव्हीपासून वाचवणारी गोळी आज उपलब्ध आहे. पुष्कळ ठिकाणी ती फुकट मिळते आणि दवाखानाही फार लांब नसतो. तरी तो जात का नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तरही तयार असते : त्याला स्वतःच्या जिवाची पर्वा नसेल. हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे समजण्यासाठी कोठडीच्या दारापासून दवाखान्याच्या खिडकीपर्यंतचा रस्ता पायरी-पायरीने चालून पाहावा लागतो. या प्रकरणातली बहुतेक उदाहरणे अमेरिकेतली, त्यातही कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस काउंटीतली आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक. तिथे हा रस्ता नुसता चर्चिला गेला नाही, तो मोजला गेला आहे.

१. जेल वेगळे, प्रिझन वेगळे

मराठीत दोन्हींना तुरुंगच म्हणतात. अमेरिकेत मात्र हे दोन शब्द दोन वेगळ्या जगांचे आहेत. ‘प्रिझन’ राज्याचे किंवा केंद्र सरकारचे असते. शिक्षा झालेले आणि साधारणपणे वर्षापेक्षा जास्त काळ राहणारे कैदी तिथे असतात. ‘जेल’ बहुधा काउंटीचे असते. तिथले बहुसंख्य लोक म्हणजे आपल्या भाषेत कच्चे कैदी : खटला अजून चालू आहे, जामीन भरायला पैसे नाहीत, किंवा फार तर काही महिन्यांची शिक्षा आहे.

प्रिझनला वसतिगृह म्हटले तर जेल हे एसटी स्थानक आहे. अमेरिकेतल्या जेलांमध्ये वर्षाला ७० लाखांहून अधिक वेळा कोणी ना कोणी दाखल होते. त्यातली काही माणसे एकाच वर्षात तीन-चारदा आत-बाहेर करतात. आलेल्यांपैकी बरेच जण काही दिवसांतच बाहेर पडतात आणि कधी पडणार हे त्यांनाही आधी ठाऊक नसते. न्यायाधीशाने सोडले, कोणी जामीन भरला, आरोप मागे घेतला गेला, की त्याच रात्री सुटका. प्रिझनमधल्या डॉक्टरला कैद्याच्या सुटकेची तारीख दिसत असते, त्यामुळे तो तयारी करू शकतो. जेलमधल्या डॉक्टरने दिलेली पुढच्या मंगळवारची वेळ येईपर्यंत माणूस तिथे असेलच असे नाही. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ या अनिश्चिततेत आहे.

२. लागण आत होते की बाहेर?

तुरुंगातच एचआयव्ही पसरतो असा सर्वसाधारण समज आहे. तुरुंगात लागण होऊ शकते हे खरे; पण अमेरिकेतल्या कैद्यांपैकी ज्यांना एचआयव्ही आहे त्यांतल्या बहुतेकांना तो आत येण्याआधीच झालेला असतो. तिथल्या राज्य तुरुंगांत सुमारे एक टक्का कैदी एचआयव्हीसह जगत आहेत आणि हे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळजवळ तिप्पट आहे. याचे कारण भिंतींमध्ये शोधून सापडत नाही. गरिबी, बेघरपणा, नशेच्या सुया, पोटासाठीचा देहविक्रय, वैद्यकीय सेवेपासूनचे अंतर, कृष्णवर्णीयांवर आणि ट्रान्सजेंडर स्त्रियांवर अधिक रोखलेली पोलिसांची नजर, या गोष्टी माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी नेतात : विषाणूजवळ आणि तुरुंगात.

म्हणूनच सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने जेल ही महत्त्वाची जागा ठरते. २००६ साली अमेरिकेतल्या एचआयव्हीबाधितांपैकी अंदाजे दर सात जणांतला एक जण त्या वर्षात कोणत्या ना कोणत्या तुरुंगातून बाहेर पडला होता. दवाखान्याकडे एरवी न फिरकणारा माणूस काही दिवस तरी एका जागी असतो, तपासणी होऊ शकते, बोलता येते. लॉस एंजेलिसच्या पुरुषांच्या जेलमध्ये समलिंगी पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया यांच्यासाठी १९८५ पासून वेगळा विभाग आहे आणि तिथे २००१ पासून कंडोम वाटले जाऊ लागले. आतल्या काळजीची अशी काही पावले पडली. धोका मात्र बाहेर जास्त आहे आणि माणूस बाहेरच जाणार आहे.

३. प्रतिबंधाची गोळी आणि तिचा हिशेब

एचआयव्हीवरचे उपचार आणि एचआयव्हीचा प्रतिबंध या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. कोकणातल्या कौलारू घराचे उदाहरण घेतले तर फरक कळतो. पावसाळ्याआधी घर शाकारून घेणे म्हणजे ‘प्रेप’ : लागण झालेली नसताना, धोका समोर दिसत असताना घेतलेले औषध. पाणी आत येऊ लागल्या-लागल्या घाईने ताडपत्री टाकणे म्हणजे ‘पेप’ : धोक्याचा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचे औषध. घरात पाणी शिरून मुरलेच, तर त्यानंतरची कायमची निगा म्हणजे उपचार.

प्रेपची पहिली गोळी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ साली मान्य केली. त्या गोळीत टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे एकत्र असतात. नेमाने घेतल्यास लैंगिक संबंधांतून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो. नशेची सुई वापरणाऱ्यांत तो किमान ७४ टक्क्यांनी कमी होतो. सिफिलिस, गनोरिया यांसारख्या इतर गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही, म्हणून कंडोमची गरज राहतेच.

गोळी सुरू करण्याआधी काही तपासण्या कराव्या लागतात. एचआयव्ही नाही ना हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. लागण आधीच झाली असेल तर ही दोनच औषधे तिला पुरी पडत नाहीत आणि विषाणू त्यांना सरावून घट्ट होऊ शकतो. मूत्रपिंड नीट चालते का आणि हिपॅटायटिस बी आहे का, हेही पाहतात. पुढे दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. थोडक्यात, प्रेप ही नुसती गोळी नाही. ती दवाखान्याशी ठेवायची नियमित ये-जा आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. रोज गोळी घेऊ लागल्यावर संरक्षण लगेच पूर्ण होत नाही. गुदमैथुनाच्या बाबतीत सुमारे सात दिवस लागतात. योनीमार्गातून किंवा सुईतून होणाऱ्या लागणीच्या बाबतीत सुमारे २१ दिवस. आता एक साधा हिशेब करू. समजा, नशेची सुई वापरणारा एक माणूस १ जूनला सुटला. दवाखान्याची वेळ १२ जूनची मिळाली, तपासण्यांचे निकाल १५ तारखेला आले, गोळी १६ जूनला सुरू झाली. पूर्ण संरक्षण ७ जुलैला. हा सगळा कारभार एकदाही न चुकता पार पडला, तरी पाच आठवडे उघडेच गेले. १ जूनला तो संरक्षित अवस्थेत फाटकाबाहेर यावा असे वाटत असेल, तर पहिली गोळी आत असतानाच ११ मे रोजी तोंडात पडायला हवी होती. आणि ११ मे रोजी तो १ जूनला सुटणार आहे हे कोणालाच माहीत नव्हते. कदाचित तो त्या दिवशी अजून पकडलाही गेला नव्हता.

४. फाटक उघडल्यावर

मघाच्या माणसाच्या जागी आता एक स्त्री कल्पून पाहू. शुक्रवारी रात्री अकराला ती सुटते. अंगावर अटकेच्या दिवशीचे कपडे, हातात सामानाची प्लॅस्टिकची पिशवी. फोन बंद पडलेला. चार्ज झाला तरी बिल न भरल्याने सेवा तुटलेली. ओळखपत्र अटकेच्या गोंधळात कुठे गेले ते ठाऊक नाही. खोलीचे भाडे थकल्यामुळे मालकाने सामान बाहेर काढलेले. निवाऱ्याच्या जागा संध्याकाळीच भरतात. ओळखीचे एकच दार त्या वेळी उघडे असते, आणि पुष्कळदा ते त्याच माणसाचे असते ज्याच्यासोबत ती नशा करत होती.

सोमवारी सकाळी तिला परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचे आहे, नाहीतर पुन्हा अटक. ओळखपत्रासाठी एका कार्यालयात, अन्न-मदतीसाठी दुसऱ्या, मुलाचा ताबा परत मिळवण्यासाठी तिसऱ्या. यातली प्रत्येक गोष्ट आजची आहे आणि चुकली तर आजच भोवणारी आहे. एचआयव्हीचा प्रतिबंध ही कदाचित पुढच्या वर्षी होऊ शकणाऱ्या आजाराबद्दलची गोष्ट आहे. काही दुखत नाही, ताप नाही. या यादीत दवाखाना शेवटी ढकलला जातो यात बेपर्वाई कुठेच नाही. तिच्या जागी कोणीही हाच क्रम लावला असता.

हे दिवस किती घातक असतात याचा एक आकडा २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ जणांच्या नोंदी तपासण्यात आल्या. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट होता. अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट होता. आत असताना शरीराची नशेची सवय उतरते. बाहेर आल्यावर जुनीच मात्रा घेतली की तीच जीव घेते. सुई हाताहातातून फिरते तीही याच दिवसांत, आणि तिच्याबरोबर एचआयव्ही व हिपॅटायटिस सी.

दुसरा आकडा औषधांचा आहे. टेक्सासच्या तुरुंगांतून २००४ ते २००७ मध्ये सुटलेल्या २,११५ एचआयव्हीबाधितांचा माग काढला गेला. त्यांना आत नियमित औषध मिळत होते. सुटल्यावर १० दिवसांच्या आत पुढचे औषध घेतलेले निघाले फक्त ५.४ टक्के. तीस दिवसांत १७.७ टक्के. साठ दिवस उलटले तरी ३० टक्के. आजार आहे हे माहीत असलेल्यांची ही स्थिती, तर ज्यांना आजार नाही आणि तो होऊ नये म्हणून गोळी घ्यायची आहे त्यांची काय असेल, याचा अंदाज करता येतो.

यात कायद्याचाही हात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ या खटल्यात ठरवले की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे घटनाबाह्य आहे. म्हणजे ज्या देशात सर्वसामान्य नागरिकाला वैद्यकीय सेवेचा घटनात्मक हक्क नाही, तिथे कैद्याला तो आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकताच तो संपतो. उलट, गरिबांसाठीचा ‘मेडिकेड’ हा सरकारी आरोग्यविमा १९६५ पासून अस्तित्वात आहे, पण मूळ कायद्यानुसार माणूस तुरुंगात असेपर्यंत त्याचे पैसे मिळत नाहीत. आतला हक्क दाराशी तुटतो, बाहेरचा विमा दाराशी पुन्हा सुरू करावा लागतो, त्यासाठी अर्ज लागतो, अर्जाला ओळखपत्र लागते. एचआयव्ही झालेल्यांना १९९० च्या रायन व्हाइट कायद्याखाली उपचाराचे एक स्वतंत्र जाळे तरी आहे. प्रेपच्या गोळ्यांसाठी तो निधी वापरता येत नाही. न झालेल्या माणसाखालचे जाळे जास्त विरळ आहे.

५. गळतीचे गणित

अशा रस्त्यावर माणसे किती झपाट्याने गळतात हे पाहायला एक काल्पनिक हिशेब पुरेसा आहे. पाच पायऱ्या धरू : आत असताना प्रेपबद्दल बोलणे होणे, बाहेर दवाखान्यात पोहोचणे, तपासण्या होणे, गोळी हातात पडणे, तीन महिन्यांनी पुन्हा येणे. प्रत्येक पायरीवर १०० पैकी ७० टिकतात असे मानले, म्हणजे प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे बरीच बरी चालली आहे, तर १०० पैकी अनुक्रमे ७०, ४९, ३४, २४ आणि शेवटी १७ उरतात. प्रत्येक पायरी थोडी सुधारून ८५ पर्यंत नेली तर शेवटी ४४ उरतात. एका पायरीवर खूप पैसा ओतून बाकीच्या तशाच ठेवल्या तर फारसे साधत नाही. ती एक पायरी १०० टक्के केली तरी शेवटी २४ च राहतात. सगळ्या पायऱ्यांवर थोडा-थोडा हात देणारे कोणीतरी हवे.

६. सोबती

इंग्रजीत ज्याला ‘पीअर’ म्हणतात त्याला इथे सोबती म्हटले आहे. सोबती म्हणजे जो स्वतः त्या अनुभवातून गेला आहे, स्वतः तुरुंगात राहून आला आहे, कदाचित नशेतून बाहेर पडला आहे किंवा एचआयव्हीसह जगतो आहे, आणि आता पगारावर, प्रशिक्षण घेऊन, नव्याने सुटलेल्यांना वाट दाखवतो. तो डॉक्टर नसतो, समुपदेशकाची पदवीही बहुधा नसते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. गिरणगावात कोकणातून किंवा घाटावरून पहिल्यांदा मुंबईत उतरलेला पोरगा गावकीच्या खोलीवर जायचा. त्या खोलीतला जुना माणूस त्याला झोपायची जागा दाखवायचा, खाणावळ लावून द्यायचा, कोणत्या गिरणीत कोणत्या मुकादमाला भेटायचे ते सांगायचा आणि पहिल्या दिवशी स्वतः बरोबर जायचा. पत्ता कागदावर लिहून देता आला असता. पण कागद हातात घेऊन अनोळखी दारात उभे राहणे आणि ओळखीच्या माणसामागून आत शिरणे यांत फार अंतर आहे.

आरोग्याच्या कामात हे सूत्र भारतातही जुने आहे. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून उभे केले गेले. सांगलीत ‘संग्राम’ आणि पुढे ‘व्हॅम्प’ या संघटनांतून त्याच व्यवसायातल्या बायकांनी एकमेकींपर्यंत कंडोम आणि माहिती पोहोचवली. अमेरिकेत तुरुंगातून सुटलेल्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत २००६ साली ‘ट्रान्झिशन्स क्लिनिक’ सुरू झाले. त्याचे आरोग्यसेवक स्वतः तुरुंगवास भोगलेले असतात. तिथे केलेल्या एका चाचणीत अशा दवाखान्यात पाठवलेल्या लोकांच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातल्या फेऱ्या इतरांपेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी भरल्या.

सोबती नेमके काय करतो? मोठे काही नाही, आणि तेच त्याचे बळ आहे. तो सुटकेआधी एकदा तरी आत जाऊन भेटतो, म्हणजे बाहेर आल्यावर चेहरा ओळखीचा असतो. सुटल्यावर कुठे फोन करायचा ते ठरवून ठेवतो. फोन नसेल तर बहिणीचा, मावशीचा नंबर घेतो. ओळखपत्राच्या रांगेत बरोबर उभा राहतो. दवाखान्याची वेळ आणि परिवीक्षा अधिकाऱ्याची वेळ एकाच सकाळी आली तर एक पुढे ढकलायला लावतो. वाट पाहायच्या खोलीत माणूस उठून जायला लागला की बोलत बसतो. डॉक्टरने “किती जणांशी संबंध येतो?” असे विचारल्यावर समोरचा गप्प झाला, तर प्रश्न त्याच्या भाषेत पुन्हा मांडतो. आणि माणूस पुन्हा नशेकडे वळला, दोन आठवडे गायब झाला, तरी तिसऱ्या आठवड्यात फोन उचलतो, कारण स्वतः किती वेळा घसरलो होतो ते त्याला आठवत असते. ज्याला आयुष्यभर गणवेशातल्या आणि टेबलामागच्या माणसांनी प्रश्नच विचारले, त्याला उत्तर न मागता बरोबर चालणारा माणूस क्वचित भेटलेला असतो.

लॉस एंजेलिसमध्ये या सोबतीला मोबाइल ॲपची जोड देण्याचेही प्रयोग झाले आहेत. भेटीच्या वेळेची आठवण, ठरवलेल्या कामांची यादी, सोबत्याशी संदेश असे त्याचे स्वरूप असते. उपयोग आहे, पण ज्यांचे फोन नंबर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात, फोन हरवतात किंवा जप्त होतात, त्यांच्या बाबतीत ॲप हे माणसाच्या हातातले साधन राहते, माणसाची जागा घेत नाही.

७. याचा खरोखर उपयोग होतो का?

चांगल्या हेतूने केलेले काम उपयोगी असेलच असे नसते, म्हणून चाचणी लागते. लॉस एंजेलिस काउंटीच्या जेलमधून सुटणाऱ्या ३५६ एचआयव्हीबाधित पुरुषांवर आणि ट्रान्सजेंडर स्त्रियांवर अशी एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला जेलची नेहमीची सुटकापूर्व मदत मिळाली. दुसऱ्याला सोबती मिळाला. सोबत्याने आत असतानाच काम सुरू केले, पुढे साधारण सहा महिन्यांत बारा भेटी आणि डॉक्टरकडच्या दोन फेऱ्यांना प्रत्यक्ष हजेरी, असा बेत होता.

मोजमाप एकच पक्के धरले होते : रक्तातला विषाणू औषधाने दबलेला आहे का. तो दबलेला असेल तर माणूस निरोगी राहतो आणि लैंगिक संबंधांतून जोडीदारालाही लागण होत नाही. नेहमीची मदत मिळालेल्या गटात सुरुवातीला विषाणू दबलेल्यांचे प्रमाण ५२ टक्के होते. वर्षभराने ते ३० वर घसरले. सोबती मिळालेल्या गटात ते सुरुवातीला ४९ टक्के होते आणि वर्षभराने ४९ टक्केच राहिले.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. सोबत्यामुळे कोणी वर चढले नाही, घसरण थांबली. पण सुटकेनंतरच्या वर्षात घसरण हाच नियम असतो हे लक्षात घेतले तर २२ टक्क्यांचा हा फरक मोठा आहे. दुसरी खबरदारी अशी की ही चाचणी उपचाराची होती, प्रतिबंधाची नव्हती. बाधित माणसाला औषध घेण्याचे कारण रोज जाणवते. निरोगी माणसाला ते रोज नव्याने पटावे लागते. शिवाय धोका कायम सारखा नसतो. नशा सुटली, जोडीदार एकच राहिला, तर प्रेप थांबवणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. म्हणजे गोळी बंद केलेला प्रत्येक माणूस ‘गळाला’ असे म्हणता येत नाही. त्यामुळे प्रतिबंधाच्या कामात सोबत्याचे यश एका रक्ततपासणीत मोजता येत नाही. तपासणीला आला का, प्रेपबद्दल माहिती घेऊन निर्णय केला का, स्वच्छ सुया आणि अतिमात्रेवर उतारा असलेले नॅलोक्सोन जवळ आहे का, नशेवरचे उपचार सुरू झाले का, असे बरेच धागे एकत्र पाहावे लागतात.

८. सोबत्याच्या वाटेतले दगड

सोबती व्हायला जी पात्रता लागते, तीच त्याला दाराशी अडवते. जेलमध्ये प्रवेशासाठी पोलिसी नोंदी तपासल्या जातात आणि ज्याच्या नावावर जुना गुन्हा आहे त्याला आत सोडण्यास तुरुंगाचे अधिकारी कचरतात. परवानगीला महिने जातात, कधी मिळतच नाही. मग सुटकेआधीची ती पहिली भेट व्हिडिओवर किंवा फाटकाबाहेर करावी लागते, आणि फाटकाबाहेर माणूस कधी येणार हे माहीत नसते.

पगाराचा प्रश्न तितकाच खरा आहे. हे काम अनेकदा एखाद्या प्रकल्पाच्या दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालते; अनुदान संपले की ज्याने इतरांना स्थैर्य दिले तोच बेरोजगार होतो. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून अशा सोबत्यांना प्रमाणपत्र देण्याची आणि मेडिकेडमधून मोबदला मिळण्याची वाट उघडली, हे महत्त्वाचे पाऊल आहे. सोबत्यालाही सोबत लागते, हे मात्र कायद्यात लिहून होत नाही. जुन्या वस्तीत, जुन्या ओळखीत रोज जायचे, कोणाच्या तरी अतिमात्रेने झालेल्या मृत्यूची बातमी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर; त्याच्या स्वतःच्या घसरण्याचा धोका इथे असतो. नियमित देखरेख करणारा, ऐकून घेणारा वरिष्ठ नसेल तर माणसे थकून निघून जातात.

गोपनीयतेचे ओझे वेगळे. जेलच्या बराकीत ‘त्याच्याकडे एचआयव्हीवाला येतो’ एवढी कुजबुजही माणसाला मार खायला लावू शकते. म्हणून चांगले कार्यक्रम सोबत्याची ओळख ‘सुटकेनंतरच्या मदतीसाठी आलेला माणूस’ अशी करून देतात. घर, नोकरी, ओळखपत्र, आरोग्य अशा सगळ्या गोष्टींत एचआयव्हीचा विषय मिसळून येतो. यात फसवाफसवी नाही, कारण मदत खरोखरच त्या सगळ्याची असते.

९. नव्वद दिवस आधी, आणि एक सुई

कायद्यातला दाराशी पडणारा खंड अलीकडे थोडा भरू लागला आहे. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला, देशात पहिल्यांदा, सुटकेआधीच्या ९० दिवसांपर्यंत काही सेवा मेडिकेडमधून देण्याची केंद्राची परवानगी मिळाली. आत असतानाच मदतनीस नेमणे आणि बाहेर पडताना औषधांचा साठा हातात देणे हे त्यात येते. अंमलबजावणी एकेका काउंटीत टप्प्याटप्प्याने होत आहे.

औषधेही बदलली आहेत. दर दोन महिन्यांनी घ्यायचे कॅबोटेग्राविरचे इंजेक्शन प्रेपसाठी डिसेंबर २०२१ मध्ये मान्य झाले. जून २०२५ मध्ये लेनाकापाविर मान्य झाले. ते सहा महिन्यांतून एकदा टोचतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण स्त्रियांवरच्या चाचणीत लेनाकापाविर घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. गोळ्यांची बाटली हरवते, चोरीला जाते, परक्या घरात लपवावी लागते. टोचलेले इंजेक्शन कोणी काढून घेऊ शकत नाही. आत असताना ते दिले गेले तर फाटकाबाहेरचे ते भीषण आठवडे त्याच्या छायेत जातील. पण किंमत अफाट आहे, आणि सहा महिन्यांनी दुसरी सुई घ्यायला त्याच माणसाला शोधून आणावे लागणारच आहे. वर्षात दोनच भेटी उरल्या की त्यातली एक चुकणे जास्त महाग पडते.

१०. आपल्याकडे

भारतात जेल आणि प्रिझन असा भेद नाही. कच्चे आणि पक्के कैदी एकाच तुरुंगाच्या वेगवेगळ्या बराकींत असतात. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. म्हणजे अनिश्चित सुटकेचा जो प्रश्न अमेरिकेतल्या जेलचा आहे, तोच येरवडा, आर्थर रोड, तळोजा आणि ठाणे इथलाही आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहण्यांत कैद्यांमधले एचआयव्हीचे प्रमाण सुमारे दोन टक्के आढळले आहे, तर देशातल्या प्रौढांत ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. राज्याच्या ताब्यातल्या प्रत्येक माणसाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार यांचा हक्क त्याने दिला आहे. शासनाच्या एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारकेंद्रांतून, औषधे मोफत मिळतात. सोबत्यांची परंपराही इथे आहे : जोखमीच्या गटांसाठीच्या प्रकल्पांमध्ये ‘पीअर’ हा शब्द वस्तीवस्तीत रुळलेला आहे. तुटलेला आहे तो यांच्यामधला जोड. तळोज्यात तपासणी झालेला तरुण सुटून बीडला किंवा उत्तर प्रदेशातल्या गावी जातो. त्याचा तुरुंगातला कागद आणि गावाजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलमधली नोंदवही यांना जोडणारा माणूस कोणी नसेल, तर कायद्याने दिलेला हक्क त्याच्या सामानाच्या पिशवीतच राहतो.

आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाचे आदेश टाकायची पेटी असते. ठरलेल्या वेळेआधी आदेश पेटीत पडला तर सुटका त्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. न्यायालयात जामीन मिळाल्याचे वकिलाला कळते, मग घरच्यांना कळते, पेटी उघडल्यावर तुरुंगाच्या कचेरीला कळते. तपासणी करणाऱ्या समुपदेशकाला आणि बाहेरच्या सोबत्याला हीच खबर त्याच वेळी मिळण्याची सोय केली, एक फोन किंवा एक संदेश, तर फाटकाबाहेर आणखी एक माणूस उभा असू शकतो.